फ्लेक्सवरची कंपनी आणि काट्यावरची कंपनी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातला २८ वर्षांचा तरुण. बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर पुण्यात बियाण्याच्या कंपनीत होता, आता परत येऊन तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा सीईओ आहे. सोबत मुक्त विद्यापीठातून एमबीए चालू आहे. पहिल्या वर्षाला संघटन सिद्धांताचा विषय होता, तो त्याला मनापासून आवडला. पदसोपान (वर-खाली पदांची उतरंड), आदेशाची एकता (एका माणसाला एकच वरिष्ठ), श्रमविभागणी वाचून त्याने हे आपल्या कंपनीत लावायचं ठरवलं. घरी बसून नियमावली लिहिली. पाच जणांच्या स्टाफचा तक्ता केला, फ्लेक्स छापून ऑफिसात टांगला, प्रत्येकाला कामाचा कागद दिला, अंगठ्याचं मशीन बसवलं आणि सोयाबीन खरेदीला टोकन आणलं.

हंगामात सगळं उलटं झालं. आधीच्या सीईओंच्या काळात स्टोअरकीपर उन्हाळ्यात अकराच्या पुढे यायचा, दुपारी वावरात चक्कर मारायचा, पण सोयाबीन आली की शेवटची ट्रॉली उतरेपर्यंत हलायचा नाही. यंदा तो सहाला अंगठा देऊन निघू लागला. "मशीन सहाले सोडते, मंग मी कायले थांबू?" असं त्याने तोंडावर ऐकवलं. मालाच्या प्रतीवरून वाद झाला की सभासद ग्रेडरला विचारत नाहीत, सीईओलाही नाही. चाळणीवरच्या साठीच्या एका काकांकडे जातात. ते काका पदाने हमाल आहेत, तक्त्यात सगळ्यात खाली. अध्यक्ष भावकीतले, नात्याने पत्रलेखकाचे चुलते लागतात. त्यांनी भर रांगेत एका पाहुण्याची ट्रॉली टोकनाशिवाय काट्यावर घेतली: "आपला माणूस हाय, त्याले कायले थांबवतं बाप्पा?" पुढे त्यांनी आपल्या सख्ख्या भावाला कंपनीतून उचल द्यायला सांगितलं, ती फाइल अजून टेबलावर पडून आहे. आणि एका सभासदाने चारचौघांत विचारलं, "कंपनी आमची हाय का तुमची?"

त्याचा प्रश्न: "मी शिकलो ते सगळं परदेशी कारखान्यांसाठीच आहे का? आपल्या लोकांना शिस्तच नको असेल तर हे सिद्धांत काय कामाचे? स्टोअरकीपरला नोटीस द्यावी, पुस्तक मिटून चाललंय तसं चालू द्यावं, की नागपूरला मिळते आहे ती नोकरी धरावी?"

उत्तर

भाऊ, या तीन पर्यायांपैकी एकही आज घेऊ नका. नोटीस तर नाहीच, कारण स्टोअरकीपरने नियम मोडलेला नाही. तुम्ही लावलेला नियम त्याने तंतोतंत पाळला.

तुम्हाला त्याचं उन्हाळ्यातलं वागणं ढिलाई वाटली. मला त्यात एक सौदा दिसतो. गोदाम रिकामं असताना त्याला सूट, आणि माल आला की त्याने घड्याळ विसरायचं. कुठे लिहिलेला नव्हता, पण दोन्ही बाजूंनी पाळला जात होता. मशीन बसवून तुम्ही त्यातली सूट काढून घेतली, मग त्याने रात्रीचं थांबणं काढून घेतलं. हिशेब चुकता झाला.

असं फक्त तुमच्याकडेच घडलं, असं वाटून घेऊ नका. ॲल्विन गोल्डनर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तिकडच्या एका जिप्समच्या खाणीचा आणि तिला जोडलेल्या कारखान्याचा अभ्यास केला. त्यावरची त्याची पुस्तकं १९५४ साली आली. तिथला जुना व्यवस्थापक लोकांना सांभाळून घेणारा होता. थोडं उशिरा आलं तरी चालायचं, घरच्या दुरुस्तीसाठी कंपनीचं सामान नेलं तरी कोणी हटकत नसे. मग वरच्या ऑफिसने बाहेरून नवा माणूस पाठवला. त्याने कागदावरचे सगळे नियम जागे केले, लोकांवर बारीक नजर ठेवली, आणि पुढे तिथे अचानक संप झाला. संपातल्या मागण्या वेगळ्याच होत्या, पण खरा राग या गेलेल्या सवलतींचा होता, असं गोल्डनरचं म्हणणं.

त्याने नियमांचे तीन प्रकार सांगितले. ते तुमच्या फार कामाचे आहेत. पहिला, नावापुरता नियम. त्या कारखान्यात धूम्रपानाला बंदी होती, पण ती तपासणीला बाहेरचा इन्स्पेक्टर येईल तेवढ्या दिवसापुरती. दुसरा, दोन्ही बाजूंना पटलेला. अपघात टाळण्याचे नियम कामगार आणि व्यवस्थापन मिळून बघत, कारण हात तुटला तर नुकसान दोघांचं. तिसरा, एका बाजूने दुसरीवर लादलेला, शिक्षेच्या धाकावर चालणारा. गैरहजेरीचे नियम या जातीचे होते. तुमचं मशीन सरळसरळ तिसऱ्यात बसतं. टोकन दुसऱ्या प्रकारात जायला हवं होतं, ते पहिल्यात गेलं. नियमावली तुम्ही घरी बसून लिहिलीत, रांगेत उभं राहणाऱ्या एकालाही विचारलं नाहीत.

मृगाच्या आधी, हातात वेळ आहे तोवर, पाचही जणांना आणि हमालांच्या मुकादमाला घेऊन बसा. हंगामाचे महिने कोणते धरायचे, त्यात रात्री किती वाजेपर्यंत काटा चालू ठेवायचा, जेवण कोणाचं, जादा तासांचे पैसे द्यायचे की नंतर बदली सुट्टी, भराई-शिलाईला पोत्यामागे दर काय, हे त्यांच्याकडून वदवून घ्या आणि लिहा. एवढं ठरलं की मशीन ठेवा किंवा काढा, फरक पडणार नाही. मात्र जुन्या सौद्याला फार गोड मानू नका. रात्री एकपर्यंत उपाशीपोटी राबलेल्या माणसाला "आपलीच कंपनी आहे" म्हणत चहावर कटवणं आपल्याकडे सर्रास चालतं. तो न लिहिलेला सौदा लिहिताना त्यातला अन्यायही उघडा पडेल, आणि ते बरंच आहे. बोर्डाला हंगामाचा खर्च वाढलेला दिसेल. आतापर्यंत तो खर्च स्टोअरकीपर सोसत होता.

आता "आपल्या लोकांना शिस्तच नको" या वाक्याकडे येऊ. हे मला अजिबात पटलेलं नाही. सामाईक विहिरीवर भावकीत पाण्याच्या पाळ्या असतात. रात्रीची लाईन दोन वाजता आली तर दोन वाजता उठून मोटार लावणारे हेच लोक आहेत, आणि दुसऱ्याच्या पाळीत कोणी अर्धा तास घुसला तर धुऱ्यावर भांडण पेटतं. पाळी ज्यांनी ठरवली तेच ती पाळतात आणि तेच तिच्यावर नजर ठेवतात. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशा सामाईक पाण्याच्या, कुरणांच्या, मासेमारीच्या व्यवस्था अभ्यासल्या. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९९० चं, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वापरणाऱ्यांचा हात नियम घडवण्यात असला की ते टिकतात, हा त्यांच्या निष्कर्षांपैकी एक. तुमच्या सभासदांना शिस्त ठाऊक आहे. तुमची शिस्त त्यांची झालेली नाही.

चेस्टर बर्नार्डचं नाव तुम्ही पेपरात लिहिलं असेल. न्यू जर्सी बेल या टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष असलेला हा माणूस, १९३८ च्या पुस्तकात म्हणतो की हुकमाला वजन येतं ते खालचा माणूस तो मानतो म्हणून. वरून सोडला म्हणून हुकूम होत नाही. मानायला चार गोष्टी लागतात: हुकूम समजला पाहिजे, संस्थेच्या हेतूशी जुळतो असं वाटलं पाहिजे, आपल्या हिताच्या आड येऊ नये, आणि तो पाळता आला पाहिजे. तुमचं टोकन या चारांवर घासून बघा. २० किलोमीटरवरून भाड्याच्या ट्रॉलीत माल आणलेल्या माणसाचं टोकन संध्याकाळचं निघालं, तर ट्रॉलीवाला दिवसाचं भाडं लावतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो. स्वतःच्या बंडीत दोन पोती आणणाऱ्याला थांबायला काही जात नाही. दोघांना एकच रांग तुम्हाला न्याय्य वाटली. तिसरी आणि चौथी अट तिथेच तुटली.

बर्नार्ड हे एका नोकरदार यंत्रणेबद्दल लिहीत होता. तुमच्याकडे तर गोष्ट याहून पुढची आहे. रांगेतला शेतकरी तुमच्या हाताखालचा नाही, तुमचा गिऱ्हाईकही नुसता नाही. तो कंपनीचा मालक आहे, कच्चा माल देणारा आहे, आणि जूनमध्ये खत-बियाणं नेणारा खरेदीदारही आहे. कायद्याने उत्पादक कंपनीत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तेव्हा "कंपनी आमची हाय का तुमची?" याचं उत्तर "तुमचीच" असं आहे, आणि ते तिथल्या तिथे, हसून, द्यायला हवं होतं. अजूनही वार्षिक सभेत देता येईल.

याच कायद्याने तुम्हालाही जागा दिली आहे. तुमच्या पत्रात "मी शेवटी पगारी नोकर" असं आलंय. उत्पादक कंपन्यांची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आली आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती २०१३ च्या कायद्यात बसवली गेली. त्यात पूर्णवेळ मुख्य कार्यकारी बंधनकारक आहे, तो सभासदांबाहेरचा हवा, आणि तो पदसिद्ध संचालक असतो. म्हणजे बोर्डाच्या टेबलावर तुमची खुर्ची आहे. रोजचा कारभार, रोकड आणि मालमत्ता सांभाळणं, हिशेबाची पुस्तकं, सभासदांना वेळोवेळी माहिती देणं ही कायद्याने तुमच्याकडे दिलेली कामं आहेत. धोरण बोर्डाचं. (शेअर तुमच्या नावावर असेल तर आधी ते निस्तरा. वडिलांच्या नावावर असेल तर हरकत नाही.)

आता काका. असे काका मी पुष्कळ काट्यांवर पाहिलेत. पोत्यात बांबू घालून मूठभर दाणे काढतात, तळहातावर पसरून फुंकर मारतात, माती-काडी उडाली की एक दाणा दाताखाली धरतात. कट्‌ आवाज आला तर माल सुकला. दाणा दबला तर पोत्याचं तोंड बांधत म्हणतात, "दोन दिस ऊन दाखव, मंग आन." आणि सभासद निमूट पोतं उचलतो. हेच वाक्य तुमचा २४ वर्षांचा ग्रेडर ओलावा मोजायच्या मशीनचा आकडा दाखवून बोलला असता तर अर्धा तास वाद झाला असता.

तुमच्या तक्त्याला हे खुपतं, कारण अधिकार वरून खाली येतो असं तो धरून चालतो. पण ज्याच्या नावाने असे तक्ते काढले जातात त्या आँरी फायोलला तरी हे खुपलं असतं का? हा माणूस वर्गात शिकवणारा नव्हता. खाण इंजिनिअर होता. १८६० मध्ये कोळसा खाणीच्या कंपनीत लागला, १८८८ मध्ये ती बुडायच्या बेतात असताना तिचा प्रमुख झाला आणि तिला वर काढलं. १९१६ मध्ये त्याने व्यवस्थापनाची जी १४ तत्त्वं मांडली, त्यांच्या आधीच त्याने बजावून ठेवलंय की यात ताठर असं काही नाही, सगळा प्रमाणाचा मामला आहे. वर-खाली फिरणाऱ्या पदसोपानात वेळ जातो म्हणून दोन विभागांतल्या बरोबरीच्या माणसांनी वरिष्ठांच्या संमतीने थेट बोलून घ्यावं, असा पूलही त्यानेच सुचवला. परीक्षेच्या गाइडात तत्त्वांची नावं उरतात आणि हे गळून जातं.

एक काम करा. पुढच्या खरेदीत आठवडाभर एक वही काट्याजवळ ठेवा आणि कोण कोणाला काय विचारतं ते टिपत जा. बारदाना कमी पडला तर पोरगं कोणाकडे धावतं? उधारी मागणारा आधी कोणाशी बोलतो? बायका माल घेऊन आल्या तर कोणाजवळ थांबतात? आठवड्यानंतर जे चित्र दिसेल ती काट्यावरची कंपनी. फ्लेक्सवरची तिच्याशी किती जुळते ते बघा आणि जिथे जुळत नाही तिथे आधी फ्लेक्सवर संशय घ्या. माझा अंदाज, काकांचं नाव तीनपैकी दोन प्रश्नांना येईल. मग त्यांना ग्रेडरच्या शेजारी, मीटरच्या बाजूला उभं करा. दाणा त्यांनी चावायचा, मग तोच माल मीटरमध्ये टाकून आकडा सभासदाच्या तोंडासमोर धरायचा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला साधारणपणे १२ टक्के ओलाव्याची अट असते. ती काकांनी ठरवलेली नाही, तुम्हीही नाही. आणि काकांच्या या कामाचा वेगळा मोबदला द्या, नुसता मान नको.

अध्यक्षांचा प्रश्न दोन तुकड्यांत बघा, कारण पत्रात तुम्ही ट्रॉली आणि उचल एकाच दमात लिहिली आहे. मला त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी वाटतात.

ट्रॉलीच्या बाबतीत आधी एक साधी चौकशी करा: पाहुण्याची ट्रॉली भाड्याची होती का? मेरी पार्कर फॉलेट, १९३३ साली वारलेली अमेरिकी लेखिका, भांडणाबद्दल एक छोटा प्रसंग सांगते. वाचनालयाच्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, तिला स्वतःला बंद. शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, हिच्या अंगावरचा झोत टळला. दोघांच्या मागण्या एकमेकांच्या विरुद्ध होत्या, गरजा नव्हत्या. तिचं दुसरं म्हणणं असं की हुकूम माणसाने माणसाला देण्यापेक्षा दोघांनी मिळून परिस्थिती काय मागते ते बघावं. तुमच्याकडे परिस्थिती मागते आहे गाववार दिवस, आणि त्या दिवसातही सकाळचा वेळ लांबून भाड्याने आलेल्या गाड्यांना, दुपारनंतर जवळच्या बंड्यांना. हे गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधीच जाऊ द्या. बोर्डात हा ठराव अध्यक्षांनाच मांडायला लावा. ठराव ज्याच्या नावाने नोंदला जातो त्याला तो मोडणं जड जातं, आणि आपल्याकडे इतिवृत्तात सूचक म्हणून नाव यायला कोणाची ना नसते.

अध्यक्ष म्हणजे तुमचे चुलते, त्यांना टोकायचं कसं, हा तुमचा खरा अडसर आहे, हे मला कळतं. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने अधिकाराचे तीन पाये सांगितले: परंपरेचा, व्यक्तीच्या तेजाचा, आणि लिखित नियमांचा. घरात ते चुलते म्हणून मोठे, तो पहिला. बोर्डात ते अध्यक्ष म्हणून मोठे, तो तिसरा. काट्यावर त्यांनी तिसऱ्या अधिकाराच्या जागेवर पहिला वापरला. तुम्ही उत्तर देताना तो घोळ वाढवू नका. रांगेत, लोकांसमोर, पुतण्याने काकाला शिकवलं असं दिसलं की तुम्ही हरलात. घरी जाऊन "काका" म्हणून बोला, आणि बोर्डात "अध्यक्षसाहेब" म्हणून. पहिल्या ठिकाणी कागद नेऊ नका, दुसऱ्या ठिकाणी नातं.

उचलीच्या फाइलला मात्र खिडकीची गोष्ट लागू नाही. कंपनीतून सभासदाला कर्ज किंवा उचल देण्याचा निर्णय बोर्डाचा असतो. पण संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी सभासदांची सर्वसाधारण सभा मंजुरी देते, त्याशिवाय नाही. सख्खा भाऊ नातेवाइकात येतो. तेव्हा अध्यक्षांना "देत नाही" म्हणायची गरजच नाही. "सभेपुढे ठेवावं लागेल काका, विषयपत्रिकेत घेऊ का?" एवढंच विचारा. बहुतेक फाइली या वाक्याला परत जातात.

इथे थोडं थांबतो आपण, कारण आतापर्यंतचं वाचून तुम्हाला वाटेल की मी सगळं सैल करायला सांगते आहे. तसं नाही. रॉबर्ट मिशेल्स या अभ्यासकाने १९११ साली जर्मनीतल्या समाजवादी पक्षाबद्दल लिहिलं. लोकशाहीच्या नावाने उभी राहिलेली संघटनाही मोठी झाली की कारभार मूठभरांच्या हातात जातो: माहिती त्यांच्याकडे, वेळ त्यांच्याकडे, सभेत बोलायची सवय त्यांनाच. विदर्भात जुन्या सोसायट्या आणि जिनिंग-प्रेसिंग संस्था ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांना जर्मनीला जायची गरज नाही. सभासद शेकड्यांनी, आणि चाव्या दोन घरांत. सगळं नात्यावर आणि तोंडी चाललं की ज्याचं नातं नाही त्याचं काही चालत नाही. ज्या बाईच्या नावावर सात-बारा आहे पण जिला सभेत कोणी बोलू देत नाही, जो परगावचा आहे, ज्याचं आडनाव वेगळं आहे, त्यांच्यासाठी लेखी नियम हाच आधार असतो. वेबरची नोकरशाही, म्हणजे लेखी नियमांवरचा कारभार, शहाण्या लोकांना रुक्ष वाटते; वशिला नसलेल्याला ती फार बरी.

म्हणून कुठे आवळायचं आणि कुठे सोडायचं हे ठरवण्यात तुमचं शिक्षण लावा. रोकड, साठा, काट्याची पावती, उचल, खरेदीचे दर आणि इतिवृत्त इथे एक तसूही ढील नको. पावती तीन प्रतींत, त्यातली एक जागेवरच शेतकऱ्याच्या हातात. बँकेत दोन सह्या. महिनाअखेरीला साठ्याची मोजणी, दर वेळी वेगळ्या संचालकासमोर. बोर्डाची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा आणि वर्षात किमान चार ही कायद्याची अट आहे, ती कागदावर दाखवायची म्हणून घेऊ नका. कोणी किती वाजता यावं, पोती कोणी शिवावी, चाळणीवर आज कोण आणि काट्यावर कोण, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

बर्न्स आणि स्टॉकर या दोन अभ्यासकांनी १९६१ साली ब्रिटनमधल्या, मुख्यतः स्कॉटलंडच्या, कंपन्यांवर लिहिलं की काम स्थिर असेल तर ठरीव, तक्तेबाज रचना चालते. काम रोज बदलत असेल तर सैल, एकमेकांना विचारून चालणारी रचना लागते. तुमच्याकडे हे दोन्ही एकाच वर्षात येतं. मार्च ते मे हिशेब, ऑडिट, परवाने. दसरा-दिवाळीला ढग आले की सकाळचा बेत दुपारी पालटतो. एकच तक्ता बारा महिने टांगला तर तो निदान अर्धं वर्ष चुकीचा असणार.

"परदेशी कारखान्यांसाठी" या तुमच्या शंकेत तथ्य आहे, पण निम्मंच. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी इंजिनिअरने १९११ मध्ये लिहिलं ते पोलाद कारखान्यात लोखंड उचलणाऱ्या मजुरांवरून, आणि तुमच्या अंगठ्याच्या मशीनचं मूळ तिथेच कुठेतरी आहे. पण याच शास्त्राचा एक मोठा प्रयोग आपल्या कापसाच्या धंद्यात झाला. माणसं आणि त्यांचं काम यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आला. नवे स्वयंचलित माग बसवले होते, प्रत्येकाला शास्त्रशुद्ध मोजून एकेक काम वाटून दिलेलं होतं, आणि तरी उत्पादन मनासारखं निघत नव्हतं. बारकाईने वाटलेल्या कामांमुळे कोणत्याच मागाची जबाबदारी कोणत्याच गटाची उरली नव्हती. थोड्या मागांमागे एक गट अशी मांडणी सुचवली. कामगारांनी ती चटकन उचलली आणि आपापले गट स्वतः जमवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. तुमचं प्रत्येकाला दिलेलं कामाचं पत्रक आठवा. एका ट्रॉलीमागे पाच पत्रकं उभी राहतात आणि ट्रॉली कोणाचीच नसते. हंगामापुरतं काटा-चाळणी-थप्पी मिळून एक टोळी करा, ट्रॉली गेटमधून आल्यापासून पावती हातात पडेपर्यंत ती त्या टोळीची.

आणि आपल्या मातीतलंच हवं असेल तर धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाला एकदा जाऊन या. गडचिरोलीतल्या या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सगळ्यांची संमती होईपर्यंत थांबते. विषय आधी अभ्यास गटात चघळला जातो, मग सभेत येतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूचा व्यवहार या ग्रामसभेने स्वतः केला. ते जसंच्या तसं उचलू नका: ते एक लहान गाव आहे, तुमची अनेक गावांची कंपनी, आणि भाव दुपारपर्यंत घसरतो तेव्हा संमतीची वाट बघत बसता येत नाही. उचलण्यासारखा आहे तो अभ्यास गट. बोर्डाच्या आठ दिवस आधी गावागावातले दोन-दोन सभासद बोलावून विषय समजावून सांगणारी, निर्णय न घेणारी बैठक. तिला ठरावाची गरज नाही, चहापाण्याचा खर्च तेवढा लागतो.

असंच पत्र बचतगटांच्या प्रभागसंघात व्यवस्थापक असलेल्या एका ताईंचंही आलं होतं. त्यांच्या हाताखाली कोणी नाही, आणि वरून मात्र नमुन्यांचे कागद येतात. त्यांनाही मी वहीच सांगेन, आणि दुसरं हे की वरून आलेल्या प्रत्येक नमुन्यावर तो कोणासाठी भरतोय ते कोपऱ्यात लिहावं. निम्मे नमुने गोल्डनरच्या धूम्रपानबंदीत निघतील. ते लवकर, कमीत कमी वेळात भरून टाकावेत आणि उरलेला वेळ गटांच्या हिशेबाला द्यावा.

तुमच्या परीक्षेसाठी एक जाता जाता. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाने १९४६ साली प्रशासनाच्या तत्त्वांना म्हणींची उपमा दिली. प्रत्येक म्हणीला तिच्या उलट अर्थाची म्हण असते, तसं प्रत्येक तत्त्वाला उलट तत्त्व. तुमच्या प्रकल्प अहवालाला विषय हवा असेल तर आदेशाची एकता आणि तज्ज्ञाकडून विचारून घेणं, ही जोडी ग्रेडर आणि काकांवर लावून बघा. मार्गदर्शकांना आवडेल की नाही हे त्यांच्यावर, पण तुम्हाला लिहिताना मजा येईल.

राहिली नागपूरची नोकरी. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. घर चालवायचं असतं, आणि अशा कंपन्यांत पगार महिनोन्‌महिने अडकतात हे उघड गुपित आहे. पण आज गेलात तर "शेतकऱ्यांना शिस्त नाही" एवढंच घेऊन जाल, आणि ते खरं नाही. मुदत मागून पाहा, एक सोयाबीनचा हंगाम काढा. स्टाफशी लिहिलेला नवा सौदा, गाववार दिवस, काटा ते पावती टोळी, एवढं तरी करून बघा. सगळं जमणार नाही. ट्रॉल्या मधे घुसतीलच, निदान दोन-चार.

मात्र एका बाबतीत हंगामाची वाट बघू नका. खोट्या साठ्यावर, मागच्या तारखेच्या इतिवृत्तावर किंवा सभेच्या मंजुरीशिवायच्या त्या उचलीवर सही मागितली गेली, तर त्याच दिवशी निघायची तयारी करा. राजीनामा तोंडी देऊ नका, अध्यक्षांना घरी भेटूनही नाही. संचालक मंडळाच्या नावे लेखी द्या आणि पोच घ्या. दोन संचालकांसमोर साठा आणि रोकड मोजून पंचनाम्यासारखा कागद करा, त्यावर त्यांच्या सह्या घ्या. बँकेला तुमची सही थांबवल्याचं पत्र जाऊ द्या, त्याची प्रत तुमच्याकडे. सीए आणि कंपनी सेक्रेटरी यांना स्वतः कळवा, कारण नोंदीत तुमचं नाव राहिलं तर पुढच्या नोटिसा तुमच्याच घरी येतील. हे सगळं झाल्यावरच गोदामाच्या चाव्या द्या, आणि त्याचीही पोच घ्या.